गाडीखालची हवा

समुद्रसपाटीवर जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे दहा टन हवेचा भार असतो. तो आपल्याला जाणवत नाही, कारण हवा सगळ्या बाजूंनी सारखीच रेटते. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद फळी आडवी धरली, तर वरून दहा टन आणि खालून दहा टन, असा हिशेब मिटतो. आता समजा, फळीच्या फक्त खालच्या अंगाच्या हवेचा दाब शंभरात एकाने कमी करता आला. लगेच फळीवर शंभर किलोचा भार येईल. वर काही ठेवलेलं नाही, खालून कोणी ओढत नाही, फळीचं स्वतःचं वजन एका ग्रॅमनेही वाढलेलं नाही; तरी शंभर किलो! एवढी ताकद आपल्या भोवती सदासर्वकाळ गुपचूप उभी असते.

ही ताकद शर्यतीच्या गाडीच्या पोटाखाली पकडून तिच्या जोरावर जगज्जेतेपद मिळवणारी पहिली गाडी म्हणजे लोटस ७९. काळी कुळकुळीत, सोनेरी रेघांची, आणि तिच्या काळातल्या सगळ्या गाड्यांपेक्षा रेखीव. १९७८ साली ती फॉर्म्युला वनच्या मैदानात उतरली आणि बाकीच्या गाड्या एका दिवसात जुन्या वाटू लागल्या. तिचं इंजिन इतर अनेक संघांकडे होतं तेच होतं. गिअरबॉक्स आणि टायर यांतही चमत्कार नव्हता. चमत्कार होता तो जिथे प्रेक्षकाची नजर पोहोचत नाही, त्या तळाशी.

भार हवा, वजन नको

शर्यत सरळ रस्त्यावर जिंकली जाते, असं आपल्याला वाटतं. खरं तर ती वळणावर जिंकली जाते. सरळ रस्त्यावर इंजिनाची ताकद दिसते. वळणावर प्रश्न एकच असतो, टायर रस्ता किती धरून ठेवतात. टायरची पकड त्याच्यावर पडणाऱ्या भाराबरोबर वाढते. मग गाडी जड केली तर? पकड वाढेल खरी, पण जड गाडीला वळवायलाही तितकाच जास्त जोर लागेल, आणि मिळवलेलं सगळं तिथेच खर्ची पडेल. म्हणून हवा असतो असा भार, जो टायरला दाबेल पण वळणावर गाडीला बाहेर फेकणार नाही. वजन नसलेला भार. असा भार देऊ शकते ती फक्त हवा.

ही गोष्ट १९६० च्या दशकाच्या अखेरीस सगळ्यांच्या लक्षात आली होती. विमानाचा पंख उलटा करून बसवला की तो वर उचलण्याऐवजी खाली दाबतो. १९६८ मध्ये बेल्जियममधल्या स्पा इथे फेरारी आणि ब्रॅबम या संघांनी गाडीवर पंख चढवले. वर्षभरात पंख उंच बांबूंसारखे वाढले. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइक सर्किटवर लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख एकाच शर्यतीत मोडले, ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट हे चालक मोठ्या अपघातातून वाचले, आणि उंच पंखांवर बंदी आली. त्यानंतरचे पंख बुटके होते आणि गाडीला घट्ट जोडलेले होते.

पण पंखाची एक किंमत असते. तो खाली दाबतो आणि त्याचबरोबर मागेही ओढतो. वळणावर कमावलेला वेळ सरळ रस्त्यावर परत द्यावा लागतो. मोठा पंख की छोटा, ही देवाणघेवाण चुकत नव्हती. खाली दाबणारी, पण मागे फारशी न ओढणारी एखादी युक्ती सापडली असती तर सगळं गणित बदललं असतं.

कार्डाच्या दोन पट्ट्या

लोटसचा मालक कॉलिन चॅपमन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला, विमान चालवणारा आणि विमानांवर मनापासून प्रेम करणारा माणूस. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने नळ्यांचा सांगाडा काढून टाकला आणि पत्र्याची बंद पेटी हाच गाडीचा कणा केला. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिनच गाडीच्या मागच्या भागाचा आधार झालं. १९७० ची पाचरीच्या आकाराची लोटस ७२ तर पाच वर्षांहून अधिक काळ शर्यतीत टिकली. पण १९७५ पर्यंत ही जादू ओसरली होती. तेव्हा चॅपमनने आपले विचार आणि प्रश्न एका टिपणात लिहून काढले आणि टोनी रड या अनुभवी अभियंत्याच्या हाती दिले. नॉरफोक परगण्यातल्या केटरिंगहॅम हॉल या जुन्या वाड्यात संशोधनाचं काम सुरू झालं. रडबरोबर राल्फ बेलामी होता, आणि हवेचा अभ्यासक पीटर राइट होता.

रड आणि राइट यांच्या मनात एका कल्पनेचं बी आधीच पडलेलं होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस दोघं बीआरएम संघात असताना, आख्खी गाडीच उलट्या पंखाच्या आकाराची केली तर काय होईल, याचे प्रयोग त्यांनी सुरू केले होते. संघातल्या वादांत ते काम मध्येच थांबलं. चॅपमनच्या डोक्यात दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे लाकडी विमान होतं. त्याचे रेडिएटर पंखाच्या पुढच्या कडेत बसवलेले होते, म्हणजे इंजिन थंड करायला आत घेतलेली हवा वाया न जाता कामी येत असे. गाडीच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, असेच पंखाच्या आकाराचे कप्पे करायचे आणि त्यांच्या तोंडाशी रेडिएटर बसवायचे, असं ठरलं.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये एक विंड टनेल, म्हणजे वारा सोडून मॉडेल तपासायचा बोगदा होता. त्याची खासियत अशी की त्याची जमीन स्थिर नव्हती. मॉडेलखाली एक रुंद पट्टा वाऱ्याच्याच वेगाने धावत असे. रस्त्यावर गाडी आणि जमीन यांच्यात जसा वेग असतो, तसाच तिथे निर्माण होई. मागचा पंख किंवा आरसे तपासायला याची फारशी गरज नसते, पण गाडीच्या पोटाखाली काय चाललंय हे पाहायचं तर धावत्या जमिनीवाचून पर्याय नाही.

तिथे लहान आकाराचं मॉडेल ठेवून मोजमापं चालू असताना एक विचित्र गोष्ट घडू लागली. आकडे स्थिर राहीनात. तेच मॉडेल, तोच वेग, तरी खाली दाबणारा जोर वेगवेगळा. सतत बदल करून करून मॉडेल खिळखिळं झालं होतं. नीट निरखून पाहिलं तेव्हा कारण दिसलं: वाऱ्याचा वेग वाढला की बाजूचे कप्पे खाली वाकत होते, धावत्या पट्ट्याकडे ओढले जात होते. ते जितके खाली येत, तितका जोर वाढत होता.

असे डळमळीत आकडे आले की मॉडेल दुरुस्त करून पुढे जाण्याचा मोह होतो. राइट आणि त्याचे सहकारी तिथे थांबले. कप्पे तारेने बांधून जागेवर धरले, आणि कप्प्याची बाहेरची कड आणि जमीन यांच्यातली फट कार्डाच्या पट्ट्यांनी बुजवली. मापकाचा काटा एकदम उसळला. खाली दाबणारा जोर कितीतरी पटींनी वाढला होता, आणि मागे ओढणारा जोर मात्र फारसा वाढला नव्हता. वर्षानुवर्षं जे हवं होतं ते कार्डाच्या दोन पट्ट्यांनी हाती दिलं.

अरुंद वाटेची किमया

हे घडतं कसं, याचा छोटा प्रयोग घरी करून पाहता येतो. कागदाचे दोन ताव चेहऱ्यासमोर बोटभर अंतरावर उभे लटकवा आणि त्यांच्या मधून जोरात फुंका. कागद एकमेकांपासून दूर जातील असं वाटतं. ते उलट जवळ येतात. मधून वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब उतरतो, आणि बाहेरची शांत हवा कागदांना आत ढकलते.

डॅनियल बर्नुली याने १७३८ मध्ये वाहत्या द्रवांविषयीच्या आपल्या ग्रंथात मांडलेलं तत्त्व इथे लागू पडतं. वाट अरुंद झाली की त्यातून तेवढीच हवा जायला तिचा वेग वाढावा लागतो, आणि वेग वाढला की दाब घटतो. लोटसच्या कप्प्यांचा तळ पुढून रुंद तोंडाचा, मग जमिनीकडे झुकत अरुंद होणारा आणि मागे हळूहळू वर उचलला जाणारा असा होता. गाडी धावू लागली की त्या अरुंद गळ्यात हवा सुसाट सुटे. मागचा उतार मंद ठेवण्याला फार महत्त्व, कारण तो एकदम वर गेला तर हवा पृष्ठभाग सोडून भोवऱ्यांत मोडते आणि सगळी किमया संपते.

थोडा ढोबळ हिशेब करू. गाडी ताशी २५० किलोमीटरने धावते आहे, आणि पोटाखालची हवा त्याच्या दीडपट वेगाने. तेवढ्याने तिथला दाब बाहेरच्या दाबापेक्षा साधारण साडेतीन टक्क्यांनी उतरतो. साडेतीन टक्के म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण तळाची दोन चौरस मीटर जागा धरली तर हा भार सातशे किलोच्या वर जातो. त्या वेळच्या नियमांप्रमाणे फॉर्म्युला वन गाडीचं किमान वजन होतं ५७५ किलो. म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार, आणि तो देणारी वस्तू कोणती, तर रिकामी वाटणारी हवा! वेग निम्म्यावर आला की हा भार पावपट उरतो, कारण तो वेगाच्या वर्गाने बदलतो. म्हणून अशी गाडी चालवणं मनाला उलटं वाटतं. वळणावर भीती वाटते, पण वेग कमी केला की पकड सुटते. वेग ठेवला की गाडी जमीन धरते. अशा गाडीविषयी बोलताना लोटसचा चालक मारिओ आंद्रेत्ती याने म्हटलं होतं की ती जणू रस्त्यावर रंगवल्यासारखी वाटते.

अट एकच: बाजूने हवा आत शिरता कामा नये. पोटाखालचा दाब कमी, बाहेरचा जास्त. जरा फट मिळाली की बाहेरची हवा आत घुसणार. म्हणून दोन्ही कडांना खाली लोंबणारे स्कर्ट आले. आधी ब्रशच्या केसांसारखे तंतू लावून पाहिले, मग प्लास्टिक. शेवटी कप्प्याच्या कडेत वर-खाली सरकणाऱ्या कडक पट्ट्या बसवल्या. स्प्रिंग त्यांना सतत खाली दाबून धरी, आणि खालच्या कडेला सिरॅमिकची झिजेला तोंड देणारी पट्टी असे, जी ताशी अडीचशे किलोमीटरने डांबर घासत जाई. रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्याबरोबर स्कर्ट वर जायचा आणि लगेच खाली यायचा. तो वर अडकून बसला तर? शेकडो किलोंचा भार डोळ्याचं पातं लवण्याआधी नाहीसा होणार, आणि तोही भर वळणावर.

आधी हवेची वाट, मग गाडी

या कल्पनेवर बांधलेली पहिली गाडी लोटस ७८. आंद्रेत्ती ती १९७६ मध्येच शर्यतीत उतरवायला उत्सुक होता, पण चॅपमनने धीर धरला. गुपित लवकर फुटलं तर हिवाळ्यात इतर संघ नक्कल करतील, ही त्याची भीती रास्त होती. १९७७ च्या जानेवारीत अर्जेंटिनात ती प्रथम धावली. त्या वर्षी लोटसने पाच शर्यती जिंकल्या. चार आंद्रेत्तीने आणि एक त्याचा सहकारी गुन्नार निल्सन याने. त्या मोसमात आंद्रेत्तीइतक्या शर्यती दुसऱ्या कोणीच जिंकल्या नाहीत, तरी तो तिसरा आला. इंजिनं वारंवार निकामी झाली, आणि स्वीडनमध्ये तर आघाडीवर असताना शेवटी इंधन संपल्याने हातची शर्यत गेली.

शिवाय ७८ मध्ये एक मोठी उणीव होती. कमी दाबाचा पट्टा गाडीच्या पुढच्या अंगाला पडत होता. पुढची चाकं जमिनीला घट्ट, मागची मोकळी. तोल साधायला मागे मोठा पंख लावावा लागे, आणि तो पंख सरळ रस्त्यावर गाडीला मागे खेचे. हवेची वाट मागे नीट मोकळी होत नव्हती, कारण तिथे सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, एक्झॉस्टच्या नळ्या अशी सगळी दाटी होती.

लोटस ७९ मध्ये त्यांनी गाडी बांधण्याचा क्रमच उलटा केला. आजवर आधी इंजिन, इंधनाची टाकी, सस्पेन्शन यांची जागा ठरायची आणि उरलेल्या फटीतून हवेने जायचं. आता आधी हवेची वाट आखली गेली, आणि बाकी सगळ्यांनी तिला जागा करून दिली. ७८ मध्ये तीन टाक्यांत विभागलेलं इंधन चालकाच्या पाठीमागे एकाच टाकीत आलं. मागच्या स्प्रिंगा आणि डॅम्पर आत, गिअरबॉक्सच्या अंगाला गेले. एक्झॉस्टच्या नळ्या वर उचलल्या. दोन्ही बाजूंचे बोगदे विनाअडथळा थेट मागच्या चाकांपर्यंत गेले. कमी दाबाचा पट्टा मागे सरकला, तोल आपोआप साधला, आणि मागचा पंख लहान करता आला. पाहायला ती इतकी सुंदर दिसे याचं कारणही हेच. तिच्या अंगावर निरर्थक अशी एकही रेघ नव्हती.

यात एक योग असा जुळून आला की गोष्ट ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात. या गाडीचं फोर्ड कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन कीथ डकवर्थने १९६७ मध्ये लोटस ४९ साठी केलं होतं, तेव्हा गाडीखालच्या हवेचा कोणी विचारही केला नव्हता. आठ सिलिंडरांचं, तीन लिटरचं, व्ही आकाराचं. व्ही आकारामुळे ते खाली निमुळतं आणि वर रुंद. दोन्ही बाजूंच्या बोगद्यांना नेमकी हवी तेवढी जागा सुटत होती! उलट फेरारी आणि अल्फा रोमिओ यांचं इंजिन बारा सिलिंडरांचं, आडवं पसरलेलं होतं. जमिनीलगत बसल्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली येई, म्हणून तोवर ती रचना श्रेष्ठ मानली जात होती. पण आता सिलिंडरांच्या त्या दोन आडव्या रांगा बरोबर तिथे येत होत्या, जिथून हवा जायला हवी होती. दहा वर्षांपूर्वी वेगळ्याच कारणासाठी घेतलेला एक निर्णय अचानक जेतेपदाचा पाया ठरला.

१९७८ चा उन्हाळा

२१ मे १९७८. बेल्जियममधलं झोल्डर सर्किट. अजिंक्यपदाच्या शर्यतीत लोटस ७९ प्रथमच उतरली. आंद्रेत्तीने पोल पोझिशन घेतली आणि शर्यत जिंकली. दुसरा आला त्याचा सहकारी, स्वीडनचा रॉनी पीटरसन, जुन्या ७८ मध्ये. पुढच्या शर्यतीपासून पीटरसनलाही नवी गाडी मिळाली आणि स्पेनमध्ये दोघं पुन्हा पहिले-दुसरे आले. मग फ्रान्स, मग नेदरलंड्स. जर्मनीत आंद्रेत्ती जिंकला, ऑस्ट्रियात पीटरसन.

मधे हातातून गेलेल्या शर्यतींपैकी एक मात्र लोटसच्या यशाइतकीच विलक्षण आहे. ब्रॅबम संघाकडे अल्फा रोमिओचं आडवं इंजिन होतं. त्यांचा आरेखक गॉर्डन मरी याला कळून चुकलं की या इंजिनाच्या बाजूने हवेचे बोगदे जाऊच शकत नाहीत. मग त्याने विचार केला: हवा वाहून दाब कमी होणार नसेल, तर ती थेट उपसून काढू! इंजिनावर आडवा रेडिएटर आणि गाडीच्या मागे एक मोठा पंखा. इंजिनाखालची जागा सगळीकडून बंद. पंखा रेडिएटरला थंड ठेवण्यासाठी आहे, असं नियमांच्या चौकटीत सांगता येत होतं, पण तो गाडीखालची हवाही शोषून घेत होता. १९७० मध्ये अमेरिकेत जिम हॉलच्या चॅपरल गाडीने हा प्रयोग केला होता. ग्रां प्रीमध्ये तो नवा होता. १७ जून १९७८ रोजी स्वीडनमधल्या अँडरस्टोर्प इथे गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दाबला की ती बसल्या जागी खाली दबायची, ते सगळ्यांनी पाहिलं. शर्यतीत रस्त्यावर तेल सांडलं, इतर चालक जपून चालवू लागले, आणि ब्रॅबमचा निकी लाउडा त्या तेलावरूनही गाडी तशीच दामटत राहिला. तो अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. वादाचं वादळ उठलं, आणि ही गाडी पुन्हा कधीच ग्रां प्रीत धावली नाही. एक शर्यत, एक विजय, आणि पूर्णविराम.

लोटसच्या विजयांमागची माणसंही समजून घ्यायला हवीत. आंद्रेत्ती १९४० साली इस्ट्रियातल्या मोंतोना गावी जन्मला. ते गाव तेव्हा इटलीत होतं, आज क्रोएशियात आहे. महायुद्धानंतर त्याच्या कुटुंबाने घर सोडलं, लुक्का इथल्या निर्वासितांच्या छावणीत वर्षं काढली आणि १९५५ मध्ये अमेरिका गाठली. अमेरिकेला जाण्याआधी, लहान असताना, त्याने मोंझाला इटालियन ग्रां प्री पाहिली होती. पीटरसन त्या काळातला सर्वांत वेगवान चालक मानला जाई, पण संघात तो दुसऱ्या क्रमांकाचा चालक म्हणून आला होता आणि आंद्रेत्तीला मागे टाकायचं नाही हे त्याने मान्य केलं होतं. त्या उन्हाळ्यात शर्यतीमागून शर्यत तो आंद्रेत्तीच्या अगदी मागे राहून पूर्ण करत होता. दिलेला शब्द त्याने पाळला.

१० सप्टेंबरला मोंझाला सकाळच्या सरावात पीटरसनच्या ७९ चा अपघात झाला. शर्यतीसाठी त्याला जुनी ७८ घ्यावी लागली. मागच्या गाड्या पुरत्या थांबायच्या आधीच हिरवा दिवा लागला, पहिल्या वळणाकडे जाताना गाड्यांची गर्दी झाली, आणि पीटरसनची गाडी कठड्यावर आदळून पेटली. जेम्स हंट आणि इतर चालकांनी त्याला बाहेर काढलं. त्याचे पाय गंभीर मोडले होते, पण तो शुद्धीवर होता. रात्रीच्या शस्त्रक्रियेनंतर हाडांतली चरबी रक्तात मिसळून रक्तवाहिन्या अडल्या, आणि ११ सप्टेंबरच्या सकाळी तो गेला. आंद्रेत्तीचं जगज्जेतेपद त्याच मोंझाला निश्चित झालं, जिथे त्याने लहानपणी शर्यतीचं स्वप्न पाहिलं होतं. ते साजरं करण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं. गुणतक्त्यात आंद्रेत्ती ६४ गुणांवर पहिला, आणि पीटरसन ५१ गुणांवर, मृत्यूनंतरही दुसरा. या अपघातानंतर शर्यतीचे वैद्यकीय प्रमुख सिड वॉटकिन्स यांनी आग्रह धरला, म्हणून पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागे डॉक्टरांची गाडी धावू लागली. ती प्रथा आजही चालू आहे, आणि तिने जीव वाचवले आहेत.

ज्यांना नीट कळलं ते

पुढच्या वर्षी लोटस आणखी वर्चस्व गाजवेल असं वाटलं होतं. लोटस ८० मध्ये चॅपमनने तीच कल्पना टोकाला नेली: नाकाखालीही स्कर्ट, गाडी अखंड एक पंख. आणि इथे हवेने दुसरी बाजू दाखवली. वेग वाढला की गाडी खाली ओढली जाई. फट फार अरुंद झाली की हवेचा प्रवाह कोंडे आणि भार एकदम सुटे. स्प्रिंगा गाडी वर उचलत. प्रवाह पुन्हा सुरू होई, गाडी पुन्हा खाली. हे चक्र सेकंदात अनेकदा. सरळ रस्त्यावरही गाडी लाटेवर चढल्यासारखी उसळू लागली. तीन शर्यतींनंतर लोटस ८० बाजूला ठेवावी लागली. १९७९ मध्ये लोटसला एकही विजय मिळाला नाही.

कल्पना लोटसची होती, पण तिचा पूर्ण अर्थ लागला तो विल्यम्स संघाच्या पॅट्रिक हेडला. शेकडो किलोंचा भार सोसायचा तर गाडीचा सांगाडा अतिशय ताठ हवा. तो जरा पिळला तरी स्कर्ट आणि जमीन यांच्यातलं अंतर बिघडतं. लोटस ७९ चा सांगाडा इथे कमी पडत होता. हेडची एफडब्ल्यू०७ रूपाने ७९ ची धाकटी बहीण दिसे, पण हाडाने बळकट होती. १९७९ मध्ये सिल्व्हरस्टोनला क्ले रेगाझोनीने तिच्यात विल्यम्सचा पहिला ग्रां प्री विजय मिळवला, आणि १९८० मध्ये त्याच संघाचा ॲलन जोन्स विश्वविजेता झाला. शोध लावणारा आणि शोध पचवणारा, दोघांचीही गरज असते. विज्ञानाचा आख्खा इतिहास याची साक्ष देतो.

मग वळणांवरचा वेग धोकादायक होऊ लागला. १९८१ मध्ये सरकत्या स्कर्टवर बंदी आली, आणि गाडी जमिनीपासून किमान सहा सेंटिमीटर वर हवी असा नियम झाला. गॉर्डन मरीने वेगात आपोआप खाली बसणारी आणि पिटमध्ये येताना पुन्हा वर उठणारी गाडी करून त्यावरही मार्ग काढला. १९८३ मध्ये चाकांच्या मधला तळ सपाट हवा असा नियम आला आणि बोगदे बंद झाले.

एकोणचाळीस वर्षांनी, २०२२ मध्ये, ते नियमानेच परत आले. पंखांनी दाब मिळवणाऱ्या गाडीमागे हवा इतकी ढवळली जाते की मागच्या गाडीला जवळ येणं कठीण होतं; पोटाखालच्या बोगद्यांनी दाब मिळवला तर मागे हवा कमी बिघडते, हा त्यामागचा विचार. आणि त्या फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या चाचण्यांमध्ये जगातल्या सर्वांत श्रीमंत संघांच्या गाड्या सरळ रस्त्यावर उसळू लागल्या! तीच लोटस ८० ची उसळी. विंड टनेलमधलं मॉडेल लहान असतं, तिथला वेगही नियमाने मर्यादित असतो. त्यामुळे ही उसळी आधी दिसलीच नव्हती. बाकू इथल्या शर्यतीनंतर चालक लुईस हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून बाहेर पडला. संगणकांची ताकद लाखो पटींनी वाढली होती, पण फट अरुंद झाल्यावर हवा काय करते, हे त्यांनाही रस्त्यावरच शिकावं लागलं.

लोटस ७९ ने सहा ग्रां प्री जिंकल्या. आकड्यांच्या वहीत याहून कितीतरी मोठे विक्रम आहेत. मॅक्लॅरनच्या एका गाडीने १९८८ मध्ये सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. तरीही मला ७९ सर्वांत थोर वाटते, कारण तिच्यानंतर शर्यतीची गाडी आखण्याची रीतच बदलली. आज कोणत्याही संघात नवी गाडी कागदावर येते तेव्हा पहिला प्रश्न इंजिनाला किंवा चालकाच्या आसनाला विचारला जात नाही. तो हवेला विचारला जातो: तुला कुठून जायचंय? गिअरबॉक्स किती अरुंद असावा, रेडिएटर कुठे वळावा, सस्पेन्शनच्या दांड्या कोणत्या कोनात याव्यात, सगळं त्या उत्तरावर ठरतं. आणि हा प्रश्न विचारायला माणूस शिकला तो डळमळणाऱ्या आकड्यांकडे काणाडोळा न करता, खिळखिळ्या मॉडेलला कार्डाच्या पट्ट्या लावून पाहणाऱ्या मूठभर लोकांमुळे.